पेशीचा तोल कोण सांभाळते? बटाटा, ऱ्हिओ आणि बिटावर करून बघायचे प्रयोग

कोल्हापूरच्या कपिलतीर्थ मंडईतून सकाळी आणलेली कोथिंबीर दुपारपर्यंत मान टाकते. देठ पाण्यात बुडवून ती भांड्यात उभी केली, की तासा-दोन तासांत पुन्हा ताठ होते. तिच्यावरच मीठ चोळून रात्रभर ठेवली तर पाणी सुटून लगदा होतो आणि नंतर कितीही वेळ पाण्यात ठेवली तरी उठत नाही. पहिल्या वेळी पेशींतले पाणी कमी झाले होते, पण पेशीभोवतीचे पटल शाबूत होते. दुसऱ्या वेळी पटलच फाटले. पाणी परत देता येते, फाटलेले पटल परत देता येत नाही.

हे पटल म्हणजे प्रद्रव्यपटल. बाहेरचे वातावरण बदलले तरी पेशीच्या आतली स्थिती टिकवून धरणे, म्हणजेच समस्थिती राखणे, हे त्याचे काम आठवीपासून पाठ असते. या लेखात ते काम घरी किंवा शाळेच्या प्रयोगशाळेत मोजून कसे बघायचे, ते पायरीपायरीने दिले आहे. जिथे चुका होतात तिथे जास्त वेळ थांबलो आहोत, कारण हे प्रयोग फसतात ते बहुधा मोजण्यातल्या ढिलाईमुळे.

आधी पटलाची ओळख, थोडक्यात

प्रद्रव्यपटलाची जाडी साधारण ७ ते ८ नॅनोमीटर असते. वहीच्या एका पानाच्या जाडीत अशी दहा-बारा हजार पटले एकावर एक मावतील. गॉर्टर आणि ग्रेंडेल या डच शास्त्रज्ञांनी १९२५ मध्ये तांबड्या रक्तपेशींतला मेद काढून पाण्यावर पसरला. त्याने व्यापलेली जागा पेशींच्या पृष्ठभागाच्या दुप्पट भरली, म्हणजे मेदाचे थर दोन होते. या फॉस्फोलिपिड रेणूंची डोकी पाण्याकडे असतात आणि शेपट्या एकमेकींकडे, आत. त्या दुहेरी थरात प्रथिने रुतलेली असतात आणि ती जागच्या जागी खिळलेली नसून सरकत राहतात, हे चित्र सिंगर आणि निकोल्सन यांनी १९७२ मध्ये मांडले.

ऑक्सिजन आणि कार्बन डायऑक्साइड मेदाच्या थरातून थेट पार होतात. सोडियम, पोटॅशियम यांच्यासारखे भारित आयन मात्र तिथे अडतात, त्यांना प्रथिनांचे दरवाजे लागतात. पाणी थोडेफार मेदातूनही झिरपते, पण वेगाने जायचे असेल तर त्याच्यासाठीही खास वाटा आहेत. त्यांना ॲक्वापोरिन म्हणतात. पीटर ॲग्रे यांनी ते काम १९९२ मध्ये दाखवून दिले आणि २००३ मध्ये त्यांना रसायनशास्त्राचे नोबेल मिळाले.

एवढे पुरे. आता हात ओले करू.

बटाट्याच्या कांड्या: तोलाचा आकडा शोधणे

सगळ्या शालेय प्रयोगांत हा सर्वांत प्रामाणिक, कारण इथे डोळ्यांवर नाही तर काट्यावर विसंबायचे असते.

साहित्य साधे आहे. एकच मोठा, कडक बटाटा, साखर, मोजपट्टी, सुरी, सहा ग्लास, औषधाच्या दुकानात मिळणारी ५० मिलिची सिरिंज आणि ०.०१ ग्रॅमपर्यंत दाखवणारा छोटा डिजिटल काटा. असा काटा शाळेत नसेल तर गुजरीत सोनारांच्या पेढ्यांवर असतो तसला, खिशात मावणारा, फार महाग नसतो. स्वयंपाकघरातला १ ग्रॅमचा काटा इथे चालत नाही, कारण आपल्याला मोजायचा फरकच अर्ध्या ग्रॅमच्या आत असतो. पाणी शक्यतो ऊर्ध्वपातित घ्यावे. बॅटरीत घालायचे पाणी चालते.

पहिली पायरी, १ मोलर साखरेचे मूळ द्रावण, म्हणजे लिटरमागे रेणुभाराइतके ग्रॅम साखर. साखरेचा रेणुभार ३४२, म्हणून २५० मिलिसाठी ८५.५ ग्रॅम साखर लागते. ती आधी सुमारे १५० मिलि पाण्यात पूर्ण विरघळवा आणि मग २५० मिलिच्या खुणेपर्यंत पाणी घाला. सर्वांत जास्त चूक इथेच होते. साखरेवर थेट २५० मिलि पाणी ओतले तर एकूण द्रावण ३०० मिलिच्या वर जाते आणि ते १ मोलर न राहता ०.८२ मोलरच्या आसपास येते. पुढचे सगळे आकडे मग खोटे ठरतात. साखरेऐवजी गूळ घेण्याचा मोह कोल्हापुरात होणारच, पण तो इथे आवरावा. गुळात साखरेबरोबर ग्लुकोज, फ्रुक्टोज आणि क्षारही असतात, त्यामुळे द्रावणाची तीव्रता हिशेबाने सांगता येत नाही.

दुसरी पायरी, सहा ग्लासांत प्रत्येकी १०० मिलि द्रावण:

० मोलर: नुसते पाणी १०० मिलि
०.१ मोलर: मूळ द्रावण १० मिलि, पाणी ९०
०.२ मोलर: २० आणि ८०
०.३ मोलर: ३० आणि ७०
०.४ मोलर: ४० आणि ६०
०.६ मोलर: ६० आणि ४०

ग्लासांवर चिठ्ठ्या आधीच चिकटवा. सगळी द्रावणे दिसायला सारखीच असतात.

तिसरी पायरी, कांड्या कापणे. ५ सेंमी लांब, १ सेंमी रुंद, १ सेंमी जाड अशा अठरा कांड्या, म्हणजे प्रत्येक ग्लासात तीन. एका बटाट्यात एवढ्या बसल्या नाहीत तर लांबी ४ सेंमी करा, पण दोन वेगळे बटाटे मिसळू नका. साल पूर्ण काढा. सालीतल्या पेशींवर मेणासारखा थर असतो, त्यातून पाणी जवळजवळ जात नाही आणि साल राहिलेली कांडी कमी बदल दाखवते. कापलेल्या कांड्या उघड्यावर सुकू देऊ नका, ओल्या फडक्याखाली ठेवा.

चौथी पायरी, वजन. प्रत्येक कांडी टिपकागदावर चारही बाजूंनी एकेकदा टेकवायची, दाबायची नाही, आणि वजन लिहून लगेच द्रावणात सोडायची. शेवटी बाहेर काढतानाही तितकेच टिपायचे. एकाने हलके टिपले आणि दुसऱ्याने पिळून काढले, तर आलेला फरक बटाट्याचा नसून हातांचा असतो. म्हणून टिपण्याचे काम पहिल्यापासून शेवटपर्यंत एकाच मुलाकडे द्यावे. एका ग्लासातल्या तीन कांड्या ओळखू येण्यासाठी एकीचे एक टोक तिरके कापा, दुसरीची दोन्ही, तिसरीचे एकही नाही. हे कापणे वजनाच्या आधी.

पाचवी पायरी, दीड ते दोन तास थांबणे. कांड्या पूर्ण बुडालेल्या हव्यात. ०.६ मोलरमध्ये त्या तरंगू पाहतात, तेव्हा दर पंधरा मिनिटांनी उलटवा. रात्रभर ठेवू नका. एप्रिल-मेच्या उकाड्यात साखरेच्या पाण्यात सूक्ष्मजीव वाढतात, पाणी गढूळ होते, कांड्या बुळबुळीत होतात आणि वजनाला अर्थ राहत नाही.

सहावी पायरी, हिशेब. शेवटच्या वजनातून सुरुवातीचे वजन वजा करा, सुरुवातीच्या वजनाने भागा, शंभराने गुणा. समजा कांडी ५.२० ग्रॅमची होती आणि ५.६२ झाली, तर वाढ ८.१ टक्के. फरक नुसत्या ग्रॅममध्ये लिहिला तर मोठी कांडी उगाच जास्त बदललेली दिसते. तिघींची सरासरी काढून आलेखावर मांडा. आडव्या अक्षावर तीव्रता, उभ्यावर टक्के बदल, शून्य मधोमध.

पाण्यातल्या कांड्या फुगतात, हातात घेतल्या तर कडक लागतात, वाकवल्या तर टचकन मोडतात. ०.६ मोलरमधल्या लुळ्या पडतात आणि बोटाभोवती वाकतात. हे हाताला जाणवू द्या, ते आकड्यांइतकेच महत्त्वाचे आहे. आलेखाची रेषा शून्याला जिथे छेदते ते त्या बटाट्याचे समपरासारी द्रावण. हा छेद बहुधा ०.२ ते ०.४ मोलरच्या मध्ये कुठेतरी येतो. शीतगृहात राहिलेल्या बटाट्यात पिष्टाची साखर झालेली असते, म्हणून त्याचा छेद उजवीकडे सरकतो. तुमच्या वर्गात दोन गटांचे आकडे वेगळे आले तर कोणाला चूक ठरवण्याआधी बटाटे कुठून आणले ते विचारा.

छेदाच्या जागी पाण्याची ये-जा थांबलेली नसते. जितके पाणी आत येते तितकेच बाहेर जाते, म्हणून वजन हलत नाही. आणखी एक बारकावा, जो बऱ्याच वह्यांत चुकतो: हा आकडा पेशीरसाची तीव्रता नव्हे. ताठ पेशीत पटलाबाहेरची कडक भिंत, म्हणजे भित्तिका, आतल्या पाण्याला उलटे दाबत असते आणि तो दाबही या तोलात धरलेला असतो. पेशीरस त्यामुळे थोडा जास्तच तीव्र असतो.

०.३ मोलर साखर म्हणजे किती जोर? २७ अंश सेल्सिअसला असे द्रावण सुमारे ७.४ वातावरण इतका परासरण दाब निर्माण करू शकते. परासरण म्हणजे पटलातून पाण्याचे कमी तीव्र द्रावणाकडून जास्त तीव्र द्रावणाकडे जाणे. मोटारीच्या टायरमध्ये भरतो त्या हवेच्या दाबाच्या तिपटीहून जास्त. वनस्पतीपेशी हे पेलते ते बाहेरच्या भित्तिकेमुळे. आपल्या रक्तपेशीला भित्तिका नाही, नुसत्या पाण्यात ती फुटते. सलाइनच्या बाटलीत ०.९ टक्के मीठ असते ते याच कारणाने. मिठाचे पाण्यात दोन आयन होतात, त्यामुळे ०.९ टक्के, म्हणजे सुमारे ०.१५ मोलर मीठ परासरणाच्या हिशेबात ०.३ मोलर साखरेच्या जवळ बसते. बटाट्याचा आणि रक्ताचा आकडा इतका शेजारी येतो हे मुलांना फळ्यावर मांडून दाखवावे.

ऱ्हिओचे पान: पटल सुटताना बघणे

बटाट्याने आकडा दिला, पण पटल दिसले नाही. त्यासाठी ऱ्हिओ हवा. वर हिरवी आणि खाली जांभळी, तलवारीसारखी पाने असलेले हे झुडूप कोल्हापुरात बंगल्यांच्या कुंपणाशी आणि शाळांच्या वाफ्यांत सर्रास असते. ते नसेल तर लाल कांद्याच्या जाड पाकळीचा बाहेरचा जांभळा पापुद्रा घ्या. कांद्याचा आतला पारदर्शक पापुद्रा सोलायला सोपा, पण त्यात रंग नसल्याने पटल कुठे आहे ते नवख्याला कळत नाही.

पान जांभळ्या बाजूने थोडे चिरून तिरके फाडा. फाडलेल्या कडेला पातळ, गुलाबी-जांभळी झालर राहते. तिचा ५ मिमीचा तुकडा चिमट्याने काढून स्लाइडवर पाण्याच्या थेंबात पसरवा आणि वर झाकायची पातळ काचपट्टी (कव्हरस्लिप) एका बाजूने हळू टेकवत ठेवा, म्हणजे बुडबुडे अडकत नाहीत. तुकड्याला हिरवा थर चिकटला असेल तर तो जाड आहे, दुसरा घ्या. सूक्ष्मदर्शकाच्या १०च्या भिंगाखाली जागा शोधून ४०च्या भिंगावर या. पेशी काठोकाठ जांभळ्या दिसतील.

आता काचपट्टीच्या एका कडेला ५ टक्के मिठाच्या पाण्याचा थेंब सोडा, म्हणजे १०० मिलि द्रावणात ५ ग्रॅम मीठ. समोरच्या कडेला टिपकागद लावा. कागद आतले पाणी ओढेल तसे मीठ पेशींपर्यंत पोचेल. स्लाइड हलवू नका आणि डोळा काढू नका. पाच-दहा मिनिटांत जांभळा रंग आधी कोपऱ्यांतून मागे सरतो, मग कडांपासून सुटतो आणि शेवटी पेशीच्या चौकटीत मधोमध एक गडद गोळा उरतो. त्या गोळ्याची कड म्हणजे प्रद्रव्यपटल. चौकट आहे तिथेच राहते, ती भित्तिका. हाच रससंकोच. गोळा आणि चौकट यांच्यामधल्या मोकळ्या जागेत काय असते, असा प्रश्न परीक्षेत येतो आणि पुष्कळ मुले ‘हवा’ किंवा ‘काही नाही’ लिहितात. तिथे बाहेरचे मिठाचे पाणी असते. भित्तिका ते अडवत नाही, पटल अडवते.

गोळा झाल्यावर फार वेळ घालवू नका. त्याच पद्धतीने साधे पाणी ओढा, पण आधी २ टक्के मिठाचे पाणी आणि मग नुसते पाणी, असे दोन टप्प्यांत. रंग पुन्हा पसरत कडांना भिडतो. एकदम साधे पाणी दिले किंवा अर्धा तास तीव्र मिठात ठेवले, तर काही पेशींत पटल फाटते आणि जांभळा रंग भसकन बाहेर येऊन फिका होतो. सुरुवातीच्या कोथिंबिरीचे जे झाले तेच इथे एका पेशीत दिसते.

यानंतर एक तुलना जरूर करा. पापुद्र्याचा दुसरा तुकडा एक मिनिट उकळत्या पाण्यात धरा आणि त्याला तेच मीठ द्या. रंग आधीच निघून गेलेला असतो आणि गोळा होत नाही. मेलेल्या पेशीत पाणी, मीठ, भित्तिका सगळे असते, पण निवड करणारे पटल उरलेले नसते.

बीट: पटल कशाने बिघडते

बिटाचा लाल रंग पेशीतल्या रिक्तिकेत, म्हणजे रसाने भरलेल्या पिशवीत, साठलेला असतो. बाहेर यायला त्याला दोन पटले ओलांडावी लागतात, रिक्तिकेचे आणि पेशीचे. म्हणून पाण्यात रंग आला की दोन्ही ढासळली असे समजायचे.

१ सेंमी व्यासाच्या, ३ मिमी जाडीच्या चकत्या कापा आणि वाहत्या पाण्यात किमान दहा मिनिटे धुवा. कापताना फुटलेल्या पेशींचा रंग आधी निघून जायला हवा. ही पायरी घाईत केली तर थंड पाण्यातली नळीही लाल होते आणि प्रयोग तिथेच संपतो. मग ३०, ४०, ५०, ६० आणि ७० अंशांच्या पाण्यात एकेक चकती बरोबर एक मिनिट धरा आणि प्रत्येक चकती १० मिलि थंड पाण्याच्या वेगळ्या नळीत वीस मिनिटे ठेवा. नळ्या पांढऱ्या कागदासमोर ओळीने लावा. ४० पर्यंत पाणी जेमतेम गुलाबी होते, ५० ते ६०च्या दरम्यान रंग एकदम चढतो. पटलातली प्रथिने तिथे उसवू लागतात आणि मेदाचा थरही सैल होतो. तापमान याहून फार वाढवले किंवा चकती जास्त वेळ उकळली, तर रंगद्रव्यच विघटित होऊन नळी उलट फिकी दिसू शकते. त्यावरून पटल सुधारले असा निष्कर्ष काढू नका.

हातावर लावायच्या सॅनिटायझरचे थेंब पाण्यात घालून बघा. अल्कोहोल मेदाचा थर बिघडवते. फ्रीजरमध्ये रात्रभर ठेवलेली चकती वितळताच लाल पाणी सोडते, कारण बर्फाच्या स्फटिकांनी पटले फाडलेली असतात.

व्हिनेगरमध्ये दोन दिवस ठेवून कवच विरघळवलेले अंडे पाण्यात फुगते आणि काकवीत टाकले की आक्रसून सुरकुतते. प्रदर्शनात ते छान दिसते, परासरण समजायला चालते, पण त्याची लवचीक पिशवी म्हणजे पेशीपटल नव्हे. ती प्रथिनतंतूंची जाळी आहे. तिच्यात पंप नाहीत, दरवाजे नाहीत. तक्त्यावर ‘अंड्याचे पेशीपटल’ असे लिहू नका.

जे घरी दिसत नाही: पंप

आतापर्यंत पाणी आपोआप हलत होते. समस्थितीचा अर्धा भाग मात्र आपोआप होत नाही. आपल्या पेशीत पोटॅशियम लिटरला सुमारे १४० मिलिमोल, बाहेरच्या द्रवात ४ ते ५. सोडियम उलट, बाहेर सुमारे १४० आणि आत १० ते १५. दोघेही उताराच्या दिशेने सतत झिरपत असतात. पटलातला सोडियम-पोटॅशियम पंप एटीपीचा, म्हणजे पेशीला ऊर्जा पुरवणाऱ्या रेणूचा, एक रेणू खर्चून ३ सोडियम बाहेर टाकतो आणि २ पोटॅशियम आत घेतो. येन्स स्कोऊ यांनी तो १९५७ मध्ये शोधला, १९९७ मध्ये त्यांना नोबेल मिळाले. विश्रांती घेणाऱ्या शरीराच्या ऊर्जेतला साधारण पाचवा हिस्सा या एकाच कामाला लागतो. पंप थांबला तर सोडियम आत साचते, त्यामागे पाणी येते आणि पेशी फुगते.

रक्तपेढीत हे रोज दिसते. तांबड्या पेशी २ ते ६ अंशांवर ठेवतात. थंडीत पंप मंदावतो, झिरपणे चालू राहते आणि दिवसागणिक पिशवीतल्या द्रवात पोटॅशियम वाढत जाते.

शिरोळच्या रानात आणि पुराच्या पाण्यात

शिरोळ तालुक्यातल्या क्षारपड जमिनीत माती ओली असूनही पीक तहानलेले दिसते. मुळांच्या पेशी आता बाहेरच्या क्षारांशी तोल साधत असतात, बटाट्याची कांडी ०.६ मोलरमध्ये साधत होती तसा. मातीच्या संपृक्त अर्काची विद्युतवाहकता ४ डेसीसायमन प्रति मीटरच्या वर गेली की जमीन क्षारयुक्त धरतात. उसाचे उत्पादन त्याच्या बरेच आधी, १.७ च्या आसपासच घसरू लागते. त्यात सोडियम पोटॅशियमच्या वाटांनी आत घुसते, ते नुकसान वेगळे. अशा रानाला जास्त पाणी देऊन क्षार धुवायचे तर आधी निचरा हवा, नाहीतर पाण्याची पातळी वर येऊन क्षार पुन्हा माथ्याला येतात. जिप्सम चोपण, म्हणजे मातीच्या कणांना सोडियम चिकटलेल्या, जमिनीसाठी आहे. नुसत्या क्षारयुक्त जमिनीत ते टाकणे म्हणजे पैसे टाकणे, म्हणून आधी माती तपासा. युरिया बुडख्याला चिकटून पडला की रोप करपते, त्यामागेही हेच परासरण आहे.

२०१९ आणि २०२१ च्या पुरांसारखे पंचगंगेचे पाणी रानात साचून राहिले, की सोयाबीन आणि भाजीपाला पाण्यात उभा राहून सुकतो. मुळांना ऑक्सिजन मिळत नाही, एटीपी आटते, पंप मंदावतात, पेशीतला आम्लपणा वाढतो आणि ॲक्वापोरिनच्या वाटा बंद होतात. पाणी पटलाच्या पलीकडेच असते, पण आत येत नाही.

साखर-मिठाचे पाणी, मापात

जुलाबात नुसते पाणी का पुरत नाही, याचे उत्तरही पटलात आहे. आतड्याच्या पेशीवर एक प्रथिन सोडियम आणि ग्लुकोज यांना जोडीनेच आत घेते, दोन सोडियममागे एक ग्लुकोज, आणि पाणी त्यांच्यामागे येते. जुलाबातही ही वाट बहुधा चालू राहते. १९७१ मध्ये पश्चिम बंगालमधल्या बनगावच्या निर्वासित छावणीत डॉ. दिलीप महालनबीस यांनी याच आधारावर कॉलऱ्याच्या रुग्णांना मीठ-ग्लुकोजचे पाणी पाजले. जागतिक आरोग्य संघटनेच्या २००२ पासूनच्या सूत्रात लिटरमागे मीठ २.६ ग्रॅम, ग्लुकोज १३.५, पोटॅशियम क्लोराइड १.५ आणि ट्रायसोडियम सायट्रेट २.९ ग्रॅम असते.

पाकीट मिळाले तर तेच वापरा आणि पाकिटावर लिहिले आहे तितक्याच पाण्यात पूर्ण पाकीट एकदम विरघळवा. थोडे थोडे अंदाजाने काढू नका. पाकीट नसेल तर १ लिटर स्वच्छ पाण्यात सपाट ६ चहाचे चमचे साखर आणि सपाट अर्धा चमचा मीठ. चमचा ५ मिलिचा घ्या आणि वरचे शिग सुरीच्या पाठीने काढा. गोड लागावे म्हणून साखर वाढवली तर आतड्यातला द्रव अतिपरासारी, म्हणजे पेशीरसाहून तीव्र, होतो, पाणी पेशींतून उलट आतड्यात ओढले जाते आणि जुलाब वाढतात. मीठ वाढले तर रक्तातले सोडियम चढते, लहान मुलांत ते धोक्याचे. चव अश्रूंपेक्षा खारट लागली तर ते ओतून नवे करा. घोट घोट पाजा, उलटी झाली तर दहा मिनिटे थांबून पुन्हा सुरू करा. उरलेले २४ तासांनंतर टाकून द्या. मूल सुस्त पडले, डोळे खोल गेले, लघवी थांबली किंवा पाजलेले पोटात ठरत नसेल, तर वाट न बघता दवाखान्यात न्या आणि वाटेतही चमच्याने पाजत राहा.